सरासरीबरोबर विचलनही सांगावे

आपल्या व्यवसायात संशोधनाची भाषा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्याने बदलली. पूर्वी परिषदेत एखादा वैद्य 'बहुसंख्य रुग्णांस उपशय मिळाला' एवढे सांगून खाली बसत असे. आज तोच वैद्य पडद्यावर तक्ते दाखवितो, टक्केवारी सांगतो आणि सरासरी दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत देतो. हा बदल स्वागतार्ह आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र त्या तक्त्यांतील एक रकाना पुष्कळदा रिकामा असतो, आणि भरलेला असला तरी श्रोते त्याकडे लक्ष देत नाहीत. हा रकाना विचलनाचा होय. मोजलेल्या संख्या सरासरीभोवती दाटीने बसलेल्या आहेत की दूरदूर विखुरलेल्या आहेत, हे सांगणारा तो रकाना. चिकित्सकाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे, असे प्रतिपादन करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आरंभीच स्पष्ट केलेले बरे की, आम्ही संख्याशास्त्रज्ञ नाही. बी.ए.एम.एस. पदवी घेऊन तालुक्याच्या गावी चिकित्सालय चालविणारे आम्ही एक सामान्य वैद्य आहोत. आमच्या पदवीच्या वर्षांत संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून आमच्या वाट्याला आला नाही. आताच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या अखेरच्या टप्प्यात संशोधनपद्धती व वैद्यकीय संख्याशास्त्र शिकविले जाते, त्यांचा हेवा वाटावा अशीच परिस्थिती आहे. आम्हांस हा विषय शिकावा लागला तो एका रुग्णेमुळे.

सुमारे चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका स्मरणिकेत विरेचनाच्या एका योगाविषयी लेख वाचनात आला. ठरावीक मात्रेत तो योग दिला असता सरासरी किती वेग येतात, हे लेखकाने आकड्यात दिले होते. तो आकडा मध्यम शुद्धीच्या अलीकडचा, म्हणजे निर्धास्त वाटावा असाच होता. त्या सुमारास पन्नाशीच्या एक गृहिणी जुनाट त्वग्विकारासाठी आमच्याकडे येत असत. स्नेहपान, अभ्यंग, स्वेदन हे सर्व यथाविधी करून आम्ही त्यांना तो योग त्या मात्रेत दिला. सायंकाळपर्यंत वेगांची संख्या लेखातील सरासरीच्या दुपटीजवळ गेली. रात्री पिंडऱ्यांत गोळे, घेरी आणि घशाला कोरड. अखेर गावातील एका रुग्णालयात सलाईन लावावे लागले. दोन दिवसांत त्या पूर्ववत झाल्या, हे आमचे भाग्य. त्यांच्या यजमानांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि ते अधिक बोचले.

दोष कोणाचा, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. केसपेपर काढून पाहिला तर आमच्याच हस्ताक्षरात नोंद होती : 'केवळ गरम दुधाने कोष्ठशुद्धी होते.' मृदु कोष्ठाचे याहून स्पष्ट लक्षण कोणते? चरकाचार्यांनी स्नेहाध्यायात ते सांगितले आहे आणि परीक्षेत आपण सर्वांनी ते लिहिले आहे. म्हणजे प्रमाद आमचाच. परंतु प्रमाद घडला कसा? छापील सरासरीने आमच्या मनात एक खोटी निश्चिंती निर्माण केली होती. 'सरासरी इतके वेग' या शब्दांचा अर्थ आम्ही नकळत 'सर्वांना साधारण इतके वेग' असा घेतला. लेखकांना पत्र लिहून किमान व कमाल वेग किती होते, अशी विचारणा केली. नोंदवही आता उपलब्ध नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले.

या घटनेतील मुद्दा आकड्यांनी मांडता येतो. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी योजलेले आहेत, कोणत्याही अभ्यासातील नव्हेत. समजा, दोन विरेचन योग प्रत्येकी दहा रुग्णांस दिले. पहिल्या योगाने आलेल्या वेगांची संख्या चढत्या क्रमाने अशी : १२, १३, १३, १४, १४, १४, १४, १५, १५, १६. दुसऱ्या योगाने आलेल्या वेगांची संख्या अशी : ३, ४, ६, ८, १२, १४, १७, २१, २५, ३०. दोन्हींची बेरीज १४०, दोन्हींची सरासरी १४. शोधनिबंधात 'सरासरी वेग १४' एवढेच छापले तर हे दोन योग जुळ्या भावांसारखे दिसतील. प्रत्यक्षात पहिला योग ज्याच्या हाती आहे तो वैद्य रात्री स्वस्थ झोपेल. दुसऱ्या योगाच्या दहा रुग्णांपैकी चौघांना दहा वेगांची हीन शुद्धीही मिळालेली नाही, तर एकाचे वेग तिसापर्यंत गेले आहेत.

हा फरक एका आकड्यात सांगण्याचे तीन-चार मार्ग संख्याशास्त्राने दिले आहेत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विस्तार, इंग्रजीत ज्यास रेंज म्हणतात तो. कमाल संख्येतून किमान संख्या वजा करावी. पहिल्या योगाचा विस्तार ४, दुसऱ्याचा २७. समजण्यास याहून सुलभ काही नाही. मात्र विस्तार सर्वस्वी दोन टोकांच्या रुग्णांवर अवलंबून असतो, मधल्या आठ जणांचे काय झाले याची त्याला गंधवार्ता नसते. शिवाय रुग्णसंख्या वाढली की तो वाढतच जातो, कारण शंभर रुग्णांत एखादा विलक्षण रुग्ण सापडण्याची शक्यता दहांपेक्षा अधिक. म्हणून दहा रुग्णांच्या विस्ताराची तुलना शंभर रुग्णांच्या विस्ताराशी करू नये.

दुसरा मार्ग चतुर्थकांचा. संख्या चढत्या क्रमाने मांडून त्यांचे चार सारखे भाग करावयाचे, आणि खालचा व वरचा पाव हिस्सा बाजूला ठेवून मधल्या निम्म्या रुग्णांची मर्यादा सांगावयाची. आमच्या पहिल्या योगात ही मर्यादा १३ ते १५ येते, दुसऱ्यात ६ ते २१. एखाददुसऱ्या विलक्षण रुग्णामुळे ती फारशी हलत नाही, हा तिचा मोठा गुण.

तिसरा मार्ग सर्वाधिक प्रचलित आणि सर्वाधिक गैरसमजाचा : प्रमाण विचलन, अर्थात स्टँडर्ड डेव्हिएशन. ही संज्ञा कार्ल पिअर्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात रूढ केली. तिच्यामागील कल्पना साधी आहे. प्रत्येक रुग्ण सरासरीपासून किती दूर आहे, ते पाहावे. दुसऱ्या योगात तीन वेग आलेला रुग्ण सरासरीच्या ११ ने खाली, तीस वेग आलेला १६ ने वर. ही अंतरे तशीच मिळविली तर बेरीज नेहमीच शून्य येते, कारण सरासरीची व्याख्याच तशी आहे. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करावयाचा, म्हणजे ऋण चिन्ह नाहीसे होते. पहिल्या योगात या वर्गांची बेरीज १२ येते, दुसऱ्यात ७६०. तिला ९ ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. पहिल्याचे प्रमाण विचलन सुमारे १.२ वेग, दुसऱ्याचे सुमारे ९.२ वेग.

दहा रुग्ण असता नऊने का भागावयाचे, हा प्रश्न आम्हांसही पडला होता. त्याचे उत्तर असे की, सर्व अंतरांची बेरीज शून्यच येणार असल्याने नऊ अंतरे कळली की दहावे आपोआप ठरते. म्हणजे स्वतंत्र माहिती नऊच अंतरांची असते. शिवाय सरासरी याच दहा रुग्णांवरून काढलेली असल्याने ते तिच्याभोवती प्रत्यक्षाहून किंचित अधिक दाटलेले भासतात. नऊने भागल्याने ती त्रुटी भरून निघते. संगणकावर ही दोन्ही सूत्रे उपलब्ध असतात. काही थोड्या रुग्णांवरून सर्व रुग्णांविषयी बोलावयाचे असेल तर एक वजा करणारे सूत्र निवडावे. संगणक चुकीचे बटण दाबले म्हणून तक्रार करीत नाही.

प्रमाण विचलन ज्या एककात मोजणी झाली त्याच एककात मिळते, ही त्याची मोठी सोय. वेग मोजले तर वेगांत, मिलिग्रॅम मोजले तर मिलिग्रॅममध्ये. संख्यांची मांडणी घंटेच्या आकाराची, दोन्ही बाजूंस सारखी उतरती असेल तर सरासरीच्या अलीकडे-पलीकडे एका प्रमाण विचलनाच्या अंतरात सुमारे ६८ टक्के आणि दोन प्रमाण विचलनांच्या अंतरात सुमारे ९५ टक्के व्यक्ती येतात. येथील 'असेल तर' हे शब्द कृपया दोनदा वाचावेत.

कारण आपल्या रुग्णांच्या पुष्कळशा नोंदी अशा आकाराच्या नसतातच. व्याधीचा काल हे उत्तम उदाहरण. समजा, संधिवाताचे दहा रुग्ण आले आणि त्यांचा व्याधीकाल महिन्यांत असा आहे : २, ३, ३, ४, ५, ६, ७, ८, १०, आणि शेवटचे आजोबा अकरा वर्षे सोसून आलेले, म्हणजे १३२. सरासरी येते १८ महिने. आता दहांपैकी नऊ रुग्णांचा व्याधीकाल दहा महिने वा त्याहून कमी आहे, तरी 'सरासरी रुग्ण' दीड वर्षाचा जुना ठरतो. असा रुग्ण त्या दहांत एकही नाही. प्रमाण विचलन काढले तर ते सुमारे ४० महिने येते. तक्त्यात छापून येते, १८ अधिक-उणे ४०. म्हणजे सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा करताच व्याधीकाल शून्याच्या खाली बावीस महिने जातो. व्याधी होण्यापूर्वी बावीस महिने रुग्ण आपल्याकडे आला, असे म्हणण्यासारखेच हे! अशा ठिकाणी मध्यक सांगावा, म्हणजे क्रमवार मांडणीतील मधली संख्या. ती साडेपाच महिने येते. तिच्या जोडीला मधल्या निम्म्या रुग्णांची मर्यादा, ३ ते ८ महिने, सांगावी. त्यावरून वाचकापुढे खरे चित्र उभे राहते. जी राशी ऋण असूच शकत नाही तिचे प्रमाण विचलन सरासरीच्या निम्म्याहून अधिक दिसले की शंका घ्यावी, हा एक उपयुक्त संकेत आहे.

याहून गंभीर गोष्ट त्या अधिक-उणे चिन्हाची. त्या चिन्हापुढचा आकडा कशाचा, हे आपल्याकडील अनेक लेखांत लिहिलेलेच नसते. काही वेळा तो प्रमाण विचलनाचा असतो, काही वेळा प्रमाण त्रुटीचा, अर्थात स्टँडर्ड एररचा. या दोहोंची गल्लत करणे म्हणजे नाडीची संख्या तापमापकावर वाचणे होय. प्रमाण विचलन रुग्णारुग्णांतील भेद सांगते. प्रमाण त्रुटी सांगते ती काढलेल्या सरासरीची अनिश्चितता, म्हणजे दुसरे दहा रुग्ण घेतले असते तर सरासरी किती इकडेतिकडे झाली असती, एवढेच. प्रमाण विचलनाला रुग्णसंख्येच्या वर्गमूळाने भागले की ती मिळते. आमच्या दुसऱ्या योगात ९.२ ला दहाच्या वर्गमूळाने भागले की २.९ उरतात. आता '१४ अधिक-उणे २.९' असे छापले म्हणजे हा बेभरवशाचा योग केवढा सभ्य दिसू लागतो! रुग्णसंख्या शंभर केली आणि रुग्णांतील भेद तितकाच राहिला, तर प्रमाण त्रुटी ०.९ वर येते. तीस वेगांचा रुग्ण मात्र तेथेच आहे. रुग्णसंख्या वाढविल्याने आपले ज्ञान पक्के होते, रुग्ण एकसारखे होत नाहीत. लहान आकडा चांगला दिसतो म्हणून प्रमाण त्रुटी छापण्याचा मोह प्रत्येकाने टाळला पाहिजे, आणि ज्या लेखात अधिक-उणे चिन्हाचा खुलासा नाही तो लेख संपादकांनी परत पाठविला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिकित्सापूर्व आणि चिकित्सोत्तर तुलनेतही असेच घडते. वेदनेची तीव्रता दहांपैकी सरासरी सातवरून चारवर आली, असे सांगितले जाते. सहा रुग्णांत घट ३, ३, ३, ३, ३, ३ अशी असू शकेल, किंवा ७, ६, ५, २, ० आणि एकाची वेदना २ ने वाढलेली, अशीही असू शकेल. दोन्हींची सरासरी तीनच. पहिल्यात औषध प्रत्येकाला थोडेसे लागू पडले. दुसऱ्यात निम्म्यांना उत्तम लाभ झाला आणि एकाचे नुकसान झाले. त्या एकाची प्रकृती कोणती, अग्नी कसा, अवस्था साम की निराम, हा खरा आयुर्वेदीय प्रश्न, आणि सरासरी तो विचारूच देत नाही. पूर्वीचे व नंतरचे विचलन वेगवेगळे देऊनही हे कळत नाही. प्रत्येक रुग्णातील घट काढून त्या घटीचे विचलन द्यावे लागते. येथे जुन्या प्रबंधांविषयी दोन चांगले शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. उत्तम उपशय, मध्यम उपशय, अल्प उपशय आणि अनुपशय अशी चार घरे पाडून रुग्णसंख्या देण्याची जी पद्धत होती, तिला आज ढोबळ म्हणून हिणविले जाते. ती ढोबळ होती खरी, पण अनुपशयाच्या घरातील रुग्ण तीत डोळ्यांसमोर तरी राहत. नव्या तक्त्यांनी त्यांना सरासरीत विरघळवून टाकले.

आमचे काही ज्येष्ठ व्यवसायबंधू यावर म्हणतात की, संख्याशास्त्र आयुर्वेदाला लागूच पडत नाही, कारण आपली चिकित्सा पुरुषं पुरुषं पाहून करावयाची असते. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्हांस असे वाटते की, हा आक्षेप सरासरीला लागू पडतो, संख्याशास्त्राला नव्हे. माणसामाणसांत भेद आहे, हे तर विचलनाचे गृहीतच आहे. तो भेद किती, हे ते मोजू पाहते. आपल्या संहितांत ही दृष्टी आहे. शारीरस्थानात रक्त आठ अंजली, पुरीष सात, कफ सहा, पित्त पाच असे प्रमाण दिले आहे. ही अंजली ज्याची त्याची स्वतःची, आणि हे प्रमाण वृद्धी व ऱ्हास पावणारे असल्याने अनुमानानेच जाणावयाचे, हेही तेथेच सांगितले आहे. सिद्धिस्थानात विरेचनाचे वेग सांगताना एकच आकडा दिलेला नाही. हीन, मध्यम व प्रवर शुद्धीला अनुक्रमे दहा, वीस व तीस, आणि वमनाला चार, सहा व आठ, असे आकडे येतात. आचार्यांना संख्याशास्त्र ठाऊक होते, असला दावा आम्ही करीत नाही. तो दावा आजकाल फार स्वस्त झाला आहे. एका आकड्यावर त्यांनी भागविले नाही, एवढेच निदर्शनास आणावयाचे आहे.

विचलनाचा आग्रह धरणारा एक थोर माणूस आपल्याच मातीत होऊन गेला, त्यांचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जन्म १९११. रोम येथील अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे त्यांनी दीर्घकाळ नेतृत्व केले आणि निवृत्तीनंतर ते पुण्यास स्थायिक झाले. प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्यात दरडोई दररोज २२५० कॅलरींची सरासरी गरज आधारभूत मानली होती. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, गरज ही माणसामाणसांत भिन्न असते, इतकेच नव्हे तर त्याच माणसाचा आहारही निरोगी अवस्थेत दिवसागणिक व आठवड्यागणिक कमीअधिक होतो. मग सरासरीच्या खाली असणारा प्रत्येक जण कुपोषित कसा? तसे मानले तर पोटभर जेवणाऱ्या निरोगी लोकांपैकीही जवळजवळ निम्मे कुपोषित ठरतील. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून येणारी सीमा धरावी, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांनी त्याचा कडकडून प्रतिवाद केला. हा वाद १९८० च्या दशकाच्या आरंभी पुण्यातील विद्वानांत चांगलाच रंगला. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनीही शरीर कमी अन्नाशी निरोगीपणे जुळवून घेते या विचाराला विरोध केला, कारण त्यातून गरिबांची उपासमार 'स्वाभाविक भेद' म्हणून खपविली जाण्याची भीती होती. ती भीती अनाठायी होती, असे आम्ही म्हणणार नाही. विचलनाचा आकडा हाती आला म्हणजे निर्णय आपोआप होतो असे नाही, हे या वादावरून दिसते. पण किती लोक उपाशी आहेत यासारख्या प्रश्नाचे उत्तरही सरासरीभोवतीच्या पसाऱ्याकडे कसे पाहिले यावर बदलते, हे तर खरे ना?

सुखात्मे यांच्या मांडणीतील एक भेद आपण अवश्य उचलावा. व्यक्तिव्यक्तींतील विचलन वेगळे आणि एकाच व्यक्तीतील विचलन वेगळे. एकाच रुग्णाचा रक्तदाब एका बैठकीत तीनदा मोजला तरी तीन आकडे येतात. त्यात शरीराचा स्वाभाविक चढउतार आहे, पट्टा बांधण्यातील फरक आहे आणि मोजणाऱ्याच्या कानाचाही वाटा आहे. औषध देण्यापूर्वी एकदा आणि महिन्याने एकदा मोजून 'आठ अंकांनी उतार' असे लिहिताना, औषध न देताही तो आकडा किती हलला असता, याचा विचार करावा लागतो.

रोजच्या व्यवहारात विचलन आपल्या हाती येते ते प्रयोगशाळेच्या अहवालातून. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, टी.एस.एच. यांच्यापुढे जी मर्यादा छापलेली असते, ती बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे शंभर निरोगी माणसांतील पाच जण व्याख्येनेच तिच्या बाहेर जातात. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यांतील किमान एक मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. 'संपूर्ण तपासणी'चे पॅकेज करून, ठळक अक्षरांत छापलेल्या एका आकड्याने भेदरलेला धडधाकट तरुण आपल्यापुढे येऊन बसतो, त्याचे कारण अनेकदा हेच. मात्र हा नियम सरसकट लावू नये. उपाशीपोटीची रक्तशर्करा किंवा कोलेस्टेरॉल यांच्या सीमा लोकांतील विचलनावरून ठरविलेल्या नसून पुढील उपद्रवांच्या धोक्यावरून ठरविलेल्या आहेत. तेथे १२६ च्या पलीकडील आकडा पुन्हा तपासून पाहावा, पण 'स्वाभाविक भेद' म्हणून सोडून देऊ नये.

या त्रैमासिकाच्या संपादक मंडळाकडे आमची मागणी मर्यादित आहे. तीस वा त्याहून कमी रुग्णांचा अभ्यास असेल तर प्रत्येक रुग्णाची मोजणी, नाव-गाव वगळून, तक्त्यात छापावी. त्याला एक पान पुरते, आणि शुभेच्छांच्या जाहिरातींना आपण याहून अधिक पाने देतो. त्याहून मोठा अभ्यास असेल तर सरासरीसह प्रमाण विचलन, किंवा मांडणी एका बाजूस कललेली असेल तर मध्यक व चतुर्थके, त्या त्या नावाने शब्दांत लिहून द्यावीत. मूळ नोंदवह्या लेखकाने किमान काही वर्षे जपाव्यात, असे लेखी आश्वासन घ्यावे. भारतातील चिकित्सा-परीक्षणांची नोंदणी करणारी राष्ट्रीय नोंदवही २००७ सालापासून अस्तित्वात आहे आणि आयुर्वेदाची परीक्षणेही तीत नोंदविली जातात. तेथे माहिती भरणाऱ्या आपल्या बंधूंना यांतील काहीच नवे वाटणार नाही. प्रश्न आहे तो आमच्यासारख्या चिकित्सालयातून लिहिणाऱ्यांचा.

त्यांना संगणकाचीही आवश्यकता नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतील विरेचनाचे वीस केसपेपर काढावेत आणि वेगांची संख्या चढत्या क्रमाने एका कागदावर लिहावी. आम्ही हे त्या घटनेनंतर केले आणि आता दरवर्षी शरद ऋतू संपला की करतो. पहिल्या वर्षी आमचा योग, आमची मात्रा आणि आमचेच रुग्ण असूनही यादीची दोन टोके इतकी लांब असतील, याची आम्हांस कल्पना नव्हती. वरच्या टोकाच्या बहुतेक कागदांवर 'मृदु कोष्ठ' अशी नोंद आमच्याच हस्ताक्षरात होती.